तीथलला खुर्ची का रुतली: आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार ताई,

दोन तारे आणि त्याखालची तक्रार वाचली. गुजरातमधल्या वलसाडजवळच्या तीथलच्या किनाऱ्यावर आमच्याकडून भाड्याने नेलेली फुगीर चाकांची खुर्ची (वाळूवर चालणारी व्हीलचेअर) रुतली, वाळूवर अंथरायची चटई अर्ध्या वाटेत संपली, बाबांना स्वतः चाकं फिरवता आली नाहीत आणि वर डिपॉझिटमधून 700 रुपये कापले गेले. चारही गोष्टी खऱ्या आहेत. ही खुर्ची पुढे जे नेतील त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून कारणं इथेच लिहितो.

आधी चाकं. तुम्ही लिहिलंय की हवा कमी वाटली म्हणून वाटेत पेट्रोल पंपावर भरून घेतली. घात तिथेच झाला, आणि चूक आमची, कारण आम्ही सांगितलंच नव्हतं. या चाकांत हवा 2 ते 4 पीएसआयच (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) ठेवायची असते. मोटारीच्या टायरमध्ये 30 च्या आसपास असते. चाक मऊ असलं की बसतं, पसरतं आणि वजन वाळूच्या मोठ्या भागावर वाटलं जातं. टणक झालं की मधल्या अरुंद पट्टीवर सगळा भार येतो आणि ते वाळू कापत खाली जातं. पंपावरच्या मीटरला इतका कमी दाब नीट दाखवताही येत नाही. त्यात बंद गाडीत तापून हवा आणखी फुगते, म्हणून व्हॉल्व्ह गेला. तो तुमच्या हातून बिघडला असं धरून पैसे कापणं चूक होतं. 700 रुपये आजच परत पाठवत आहोत. आता प्रत्येक चाकावर दाबाचा आकडा रंगवला आहे आणि सोबत हातपंप व कमी दाबाचा मीटर देतो.

चटईचं गणित जास्त महत्त्वाचं. तीथलचा किनारा उताराला मंद, आणि खंभातच्या आखाताच्या तोंडाजवळ भरती-ओहोटीतला फरक मोठा. उतार 50 ला 1 धरला, तर पाणी 1 मीटर उतरलं की काठ 50 मीटर मागे जातो. तुम्ही गेलात पौर्णिमेला, संध्याकाळी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत मोठा, आणि तिथे संध्याकाळी पाणी ओसरत असतं. आमची 20 मीटरची चटई तिथे पुरणारच नव्हती. बुकिंग घेताना तारीख पाहून आम्ही हे सांगायला हवं होतं. शुद्ध किंवा वद्य अष्टमीच्या आसपास भांग असतो: फरक कमी, आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पाणी वर आलेलं. रोजची वेळ साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून अष्टमी हुकली तरी एक-दोन दिवस इकडेतिकडे चालतं. त्या दिवशी कोरड्या वाळूपुरती चटई, म्हणजे 10 मीटरच्या चार गुंडाळ्या, घेऊन जा. त्याखालची ओली वाळू बहुधा घट्ट असते. पाणी फार मागे गेलं की मात्र चिखलट पट्टा लागतो. तिथे कुठलीच खुर्ची नेऊ नका.

चटया जोडताना एकीची कड दुसरीवर हातभर चढवा आणि दोन्ही कडांना खुंट्या ठोका. जोडाखाली वाळू साचून उंचवटा झाला की पुढचं छोटं चाक अडतं. शेवटी दीड मीटर रुंद, दीड मीटर लांब चौकोन ठेवा, नाहीतर वळता येत नाही.

बाबांनी स्वतः चाकं फिरवण्याची इच्छा अगदी रास्त आहे. आमच्या फुगीर खुर्चीत ते शक्य नाही. ती ढकलायचीच आहे, तिला ब्रेक नाही, आणि मऊ चढावर दोघांनी पाठमोरी ओढावी लागते. मात्र चटईवर त्यांची नेहमीची खुर्ची चालते. म्हणून चटई लांब हवी. फुगीर खुर्ची फक्त पुढच्या वाळूसाठी. परत आल्यावर त्यांची खुर्ची गोड्या पाण्याने धुऊन बेअरिंग पुसा, मीठ राहिलं तर ती धरतात.

तुम्ही विचारलंय, कायमचा रॅम्प का नाही? चेन्नईच्या मरीनावर 2022 च्या नोव्हेंबरमध्ये 263 मीटरची लाकडी वाट खुली झाली. पुढच्याच महिन्यात मंदौस वादळात तिचा काही भाग मोडला. असं काम सरकारनेच करायचं आणि दर वर्षी दुरुस्तही करायचं, त्यासाठी मागणी लावून धरायलाच हवी. तोवर उचलून नेता येणारी चटई हाच आम्हाला खात्रीचा मार्ग वाटतो.

तीथलची वाळू काळपट, उन्हात फार तापते. बाबांच्या पायांना संवेदना नसेल तर बंद चपला घाला आणि चारनंतरच उतरा.

पुढच्या अष्टमीसाठी खुर्ची आणि 40 मीटर चटई भाड्याशिवाय तुमच्यासाठी ठेवली आहे. आदल्या दिवशी बाबांना घेऊन दांडियाबाजारातल्या आमच्या दुकानात या. एका खुर्चीतून दुसऱ्या खुर्चीत बसायचं पहिल्यांदा वाळूवर करू नये, दुकानातल्या फरशीवर दोन-तीनदा करून पाहू.