‘एरेमोस’ म्हणजे वाळवंटच?

बायबलमधल्या ‘एरेमोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ एका लेखात थेट ‘वाळवंट’ दिलाय, तो पटला नाही. मार्कच्या शुभवर्तमानात (मार्क 6:35) येशूचे शिष्य म्हणतात, ही जागा एरेमोस आहे. आणि लगेच 39व्या वचनात येशू लोकांना हिरव्या गवतावर बसवायला सांगतो! मग वाळू कुठली? शब्दाचा गाभा आहे वस्ती नसणं. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या (3:1) ग्रीक भाषांतरातही मोशे मेंढरं घेऊन एरेमोसकडेच जातो.

मार्क 1:35 मध्ये येशू पहाटेच्या अंधारात अशाच जागी प्रार्थनेला जातो. लहानपणी वाटायचं, किती लांब चालत गेला असेल! तो तेव्हा होता त्या कफर्णहूम गावाबाहेरचं एखादं निर्मनुष्य माळरानही पुरेसं होतं, हे उमगलं तेव्हा ती प्रार्थना मला एकदम जवळची वाटली.