मतदाराला तसदी न देता काँग्रेसमध्ये कसे जावे

आपले वय पंचवीस वर्षे पूर्ण झाले आहे, अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन सात वर्षे लोटली आहेत आणि ज्या राज्यातून उभे राहायचे त्या राज्यात पाठ टेकण्यापुरती जागा आहे, एवढ्या तीन अटी पूर्ण होत असतील तर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाची दारे आपल्याला मोकळी आहेत. (काँग्रेस म्हणजे येथे आपल्याकडचा पक्ष नव्हे, तर अमेरिकेची संसद; प्रतिनिधिगृह हे तिचे एक सभागृह आणि सिनेट हे दुसरे.) तेथील राज्यघटनेने याहून अधिक काही मागितलेले नाही. न्यू जर्सीतल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळात ज्याने दोन वर्षे खजिनदारकी सांभाळली आणि गणेशोत्सवाच्या जेवणाचा हिशेब सभेपुढे मंजूर करून घेतला, त्याला तर हे काम फारच सोपे वाटेल. अशा होतकरू वाचकांसाठी हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर करू. आपल्याकडे मध्यावधी निवडणूक म्हटले की सरकार पडले, कोणीतरी पाठिंबा काढून घेतला आणि आमदारांना बसमध्ये भरून हॉटेलात नेले, असे चित्र डोळ्यांपुढे येते. तिकडे तसे काही घडावे लागत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी, ही निवडणूक पंचांगातल्या सणासारखी येते. यंदा ती ३ नोव्हेंबर २०२६ रोजी आहे. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एकतृतीयांश जागा त्या दिवशी मतदारांपुढे असतात. राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाने या निवडणुकीत प्रतिनिधिगृहातल्या जागा गमावायच्या, असा दुसऱ्या महायुद्धानंतरचा शिरस्ता असून १९९८ आणि २००२ हे त्याला दोनच अपवाद आहेत. ओबामांच्या पक्षाने २०१० मध्ये ६३ जागा घालवल्या आणि ट्रम्प यांच्या पक्षाने २०१८ मध्ये चाळीसच्या आसपास. म्हणून पक्ष निवडताना विचारसरणीचे ग्रंथ चाळत बसू नये. व्हाइट हाउसमध्ये सध्या कोण राहते ते पाहून दुसऱ्या पक्षात नाव घालावे.

त्यानंतर मतदारसंघ. कुक पोलिटिकल रिपोर्टसारख्या ठिकाणची जाणती मंडळी ४३५ पैकी प्रत्येक जागेची पत्रिका मांडतात आणि तिला ‘भक्कम’, ‘संभाव्य’, ‘झुकती’ किंवा ‘नाणेफेक’ यांपैकी एक शिक्का मारतात. बहुतेक जागा भक्कम असतात, म्हणजे तेथे मतदान हा निव्वळ उपचार असतो. खऱ्या नाणेफेकीच्या म्हणाव्यात अशा जागा फार थोड्या असतात. २०२४ मध्ये रिपब्लिकन पक्षाला २२० आणि डेमोक्रॅटिक पक्षाला २१५ जागा मिळाल्या. त्यामुळे तेहतीस-चौतीस कोटींच्या देशाचे भवितव्य त्या मूठभर मतदारसंघांतल्या, अजून मन बनवू न शकलेल्या काही हजार लोकांच्या हाती असते आणि ते लोक त्या काळात दूरदर्शन संच बंद ठेवून बसलेले असतात. अशा जागी उभे राहण्याची वेळ शहाण्याने स्वतःवर येऊ देऊ नये. मतदाराने उमेदवार निवडावा ही जुनी पद्धत जोखमीची आहे. उमेदवाराने मतदार निवडावेत, हे उत्तम.

या विद्येचे आद्य पुरुष म्हणून मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांचे नाव सकाळी उठून घ्यावे. त्यांनी १८१२ मध्ये मंजूर केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ सॅलमँडर नावाच्या पालीसारख्या प्राण्यासारखा दिसला आणि दोन नावांच्या संकरातून ‘गेरीमँडर’ हा शब्द जन्मला. गंमत अशी की खुद्द गेरी त्या साली गव्हर्नरपद हरले, परंतु राज्याचे सिनेट त्यांच्या पक्षाने राखले; नकाशा काढणारा गेला आणि नकाशाने आपले काम चोख केले. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या सातव्या मतदारसंघाने या कलेत कळस गाठला. गूफी डोनाल्ड डकला लाथ मारत आहे, असे त्याचे वर्णन लोक करीत, आणि एका ठिकाणी तर त्या मतदारसंघाचे दोन भाग एका उपाहारगृहाच्या रुंदीइतक्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो नकाशा रद्द केला, ही कलेची हानीच म्हणायची. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१९ मध्ये, ५ विरुद्ध ४ मतांनी, पक्षीय स्वार्थासाठी काढलेल्या नकाशांचा निवाडा करणे हे संघराज्याच्या न्यायालयांचे काम नव्हे असे सांगून रेखाचित्रकारांना अभय दिले.

नकाशे दर दहा वर्षांनी, जनगणनेनंतर बदलावेत असा रिवाज होता. परंतु प्रकृतीला मानवत नसेल तर दहा वर्षे वाट का पाहावी? २०२५ च्या उन्हाळ्यात ट्रम्प यांच्या आग्रहावरून टेक्सासने मध्येच नवा नकाशा हाती घेतला, त्यातून आपल्या पक्षाच्या पदरात पाच जागा अधिक पडाव्यात हे उघडपणे सांगूनच. गणसंख्या मोडावी म्हणून तिथले डेमोक्रॅटिक आमदार राज्य सोडून निघून गेले. (बस, हॉटेल आणि परराज्य हा त्रिवेणी संगम पाहून मराठी वाचकाचा ऊर भरून येईल.) नकाशातील अन्यायाचा निषेध करण्यासाठी त्यांतल्या बहुतेकांनी इलिनॉयची निवड केली, तेथील नकाशा त्यांच्याच पक्षाने असा कुशलतेने काढलेला आहे की १७ पैकी १४ जागा त्यांच्याकडे येतात. निषेधासाठी इतकी अनुरूप जागा शोधूनही सापडली नसती. मग कॅलिफोर्नियाने, जेथे मतदारांनीच पूर्वी नकाशे राजकारण्यांच्या हातून काढून नागरिकांच्या आयोगाकडे सोपवले होते, तेथे ४ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच मतदारांकडून लोकशाहीच्या रक्षणार्थ त्या आयोगाचा नकाशा काही वर्षे बाजूला ठेवण्याची परवानगी मिळवली आणि पाच जागांची परतफेड मांडून ठेवली. डिसेंबरात इंडियानाच्या सिनेटने, स्वतः रिपब्लिकन बहुमताचे असून, असा नकाशा फेटाळला. घराघरांत एखादा असा विक्षिप्त निघतोच. त्याचे मनावर घेऊ नये.

नकाशा बदलण्याइतके वजन नसेल तर स्वतः बदलावे, म्हणजे पत्ता बदलावा. घटनेला उमेदवार राज्यातला असला की पुरतो, मतदारसंघातला असावा लागत नाही. कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघातून लॉरेन बोबर्ट २०२२ मध्ये अवघ्या ५४६ मतांनी निवडून आल्या. तेव्हा पुढच्या खेपेस त्यांनी रॉकी पर्वतांची बाजू सोडून पूर्वेकडच्या माळरानावरचा चौथा, अधिक भक्कम मतदारसंघ गाठला आणि २०२४ मध्ये त्या सुखरूप पार पडल्या. जॉर्जियात २०१७ च्या पोटनिवडणुकीत जॉन ऑसॉफ यांना स्वतःलाच मत देता आले नाही, कारण ते मतदारसंघाच्या बाहेर राहत होते. दोन्ही बाजूंनी मिळून पाच कोटी डॉलरांहून अधिक खर्च झालेली ती निवडणूक ते हरले आणि नंतर सिनेटवर गेले. शॉन पॅट्रिक मॅलोनी यांची कथा मात्र रात्री झोपण्यापूर्वी वाचू नये. २०२२ मध्ये आपल्या पक्षाच्या प्रतिनिधिगृहातील सगळ्या जागा राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. न्यूयॉर्कचा नकाशा बदलल्यावर त्यांनी सतरावा मतदारसंघ पसंत केला, तिथल्या स्वपक्षीय तरुण प्रतिनिधीला दुसरीकडे नशीब काढावे लागले, आणि मॅलोनी स्वतः रिपब्लिकन पक्षाच्या माइक लॉलर यांच्याकडून हरले.

मतदारसंघ ठरला की विरोधक निवडावा. हेही आपणच करायचे असते. मिशिगनच्या तिसऱ्या मतदारसंघात २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पीटर माइयर हे मवाळ, कोणालाही आवडतील असे, म्हणून धोकादायक गृहस्थ होते. तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीने त्यांच्या पक्षांतर्गत प्रतिस्पर्ध्याला, जॉन गिब्स यांना, ‘ट्रम्प यांचे फार जवळचे’ म्हणून नावे ठेवणारी जाहिरात चार लाख डॉलरांहून अधिक खर्चून दाखवली. पक्षाचा उमेदवार कोण हे तिकडे आधीच्या पक्षांतर्गत फेरीत मतदारच ठरवतात; रिपब्लिकन मतदारांनी ती जाहिरात शिफारसच मानली, माइयर घरी गेले आणि नोव्हेंबरात ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाली. लोकशाहीला सर्वांत मोठा धोका ज्या उमेदवाराकडून आहे, त्याला आधी निवडून आणायला मदत करावी आणि मग त्याच्यापासून देशाला वाचवण्यासाठी वर्गणी मागावी, हा हिशेब सोपा आहे.

वर्गणीचे शास्त्र मराठी माणसाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. फरक इतकाच की तिकडे पावतीपुस्तक घेऊन कोणी दारात येत नाही, भ्रमणध्वनीवर निरोप येतो. निरोपात आज मध्यरात्री मुदत संपते असे लिहावे. उद्याही आज मध्यरात्रच असते. देणगीदाराचा हात थरथरत असेल तर त्याला अधिक श्रम देऊ नयेत: २०२० मध्ये ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने देणगीच्या पानावर ‘ही रक्कम पुन्हा पुन्हा वळती करावी’ या चौकटीत आधीच खूण करून ठेवली होती, आणि पुढे कोट्यवधी डॉलर परत करण्याची पाळी आली. बड्या देणगीदारांसाठी २०१० च्या न्यायालयीन निकालांनंतर वेगळा रस्ता झाला आहे. ‘सुपर पॅक’ नावाच्या संस्थेला अमर्याद पैसा घेता येतो. अट एवढीच की तिने उमेदवाराशी संगनमत करू नये. २०१४ मध्ये केंटकीचे सिनेटर मिच मॅकॉनेल यांनी ती अट अक्षरशः पाळली. त्यांनी कोणाशी एक शब्दही न बोलता, कार्यालयात व घराबाहेर स्वतः मंद स्मित करीत असल्याची एक मूक चित्रफीत सर्वांना पाहण्यासाठी ठेवून दिली, म्हणजे ज्याला जाहिरात करायची असेल त्याने तिच्यातून हवे ते घ्यावे. मौनव्रताचे इतके मोल क्वचितच कोणाला मिळाले असेल.

स्वतःचा पैसा घालण्याचा मोह आवरावा. बेळगावकडचे श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पदरचे एक कोटीच्या आसपास डॉलर ओतले आणि पक्षांतर्गत फेरीत त्यांचा तिसरा क्रमांक आला. नंतर ते डेट्रॉइटला राहायला गेले आणि २०२२ मध्ये तिथल्या भक्कम डेमोक्रॅटिक जागेवर नऊ उमेदवारांच्या गर्दीत साधारण २८ टक्के मते घेऊन पक्षाची फेरी जिंकले. नोव्हेंबर उरला तो नावापुरता. आपल्या माणसाला जे कळायला थोडा वेळ लागला, ते आपल्याला या लेखात फुकट मिळत आहे. पैसा असून भागत नाही याचा दुसरा दाखला एरिक कँटर यांचा आहे. ते बहुमतातल्या पक्षाचे नेते होते, आणि २०१४ मध्ये व्हर्जिनियात डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून पक्षांतर्गत फेरीतच हरले. कँटर यांच्या प्रचारखात्यातून मांसाहारी खाणावळींना गेलेली रक्कमच ब्रॅट यांच्या सबंध प्रचाराच्या खर्चाहून मोठी होती.

वेशभूषा आणि आहार यांबाबत थोडक्यात सांगतो. उमेदवाराच्या हाती बंदूक शोभते. वेस्ट व्हर्जिनियाच्या जो मँचिन यांनी २०१० मध्ये जाहिरातीत स्वपक्षाच्याच विधेयकाच्या कागदावर गोळी झाडली आणि ते सिनेटर झाले. आयोवाच्या जोनी अर्न्स्ट यांनी २०१४ मध्ये आपण शेतावर डुकरे खच्ची करीत मोठे झालो, तेव्हा वॉशिंग्टनच्या खर्चाला कात्री लावणे आपल्याला जमेल, असे हसतमुखाने सांगितले आणि त्याही झाल्या. याउलट पेनसिल्व्हेनियातून उभे असलेले, न्यू जर्सीत वर्षानुवर्षे राहिलेले डॉक्टर मेहमत ओझ २०२२ मध्ये भाजीच्या दुकानात गेले, दुकानाचे नाव चुकले, आणि कच्च्या भाज्यांच्या ताटाला ‘क्रुदिते’ असा फ्रेंच शब्द वापरून महागाईबद्दल हळहळले. लोक ते ताट निवडणुकीपर्यंत विसरले नाहीत. आपण गाजर-काकडी घेतलीच तर ती कोशिंबिरीसाठी आहे हे कोणाला कळू देऊ नये.

आता मतदाराची भेट. ती टाळता येत नसेल तरच घ्यावी. मार्च २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या प्रचारसमितीचे अध्यक्ष रिचर्ड हडसन यांनी आपल्या सभासदांना, समोरासमोरच्या जाहीर सभा घेऊ नयेत, दूरध्वनीवरून घ्याव्यात, असा सल्ला दिला. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बंद करण्याची कळ सभागृहात नसते, दूरध्वनीवर असते, एवढे त्यामागचे तंत्र आहे.

इतके करूनही शेवटी मते मोजली जातात, याला इलाज नाही. आयोवाच्या दुसऱ्या मतदारसंघात २०२० मध्ये चार लाखांच्या घरात मते पडली आणि निकाल लागला सहा मतांनी. कॅलिफोर्नियाच्या तेराव्या मतदारसंघात दोन्ही खेपेस समोरासमोर उभ्या असलेल्या त्याच दोन उमेदवारांपैकी एक २०२२ मध्ये ५६४ मतांनी आणि दुसरा २०२४ मध्ये १८७ मतांनी जिंकला. दुसऱ्या खेपेला निकाल कळायला जवळजवळ महिना गेला. मात्र टपाली मते स्वतः गोळा करायला जाऊ नये. नॉर्थ कॅरोलिनाच्या नवव्या मतदारसंघात २०१८ मध्ये एका उमेदवारासाठी राबणाऱ्या मंडळींनी ते केले, ९०५ मतांची आघाडी पाण्यात गेली आणि सगळी निवडणूक नव्याने घ्यावी लागली.

आपण निवडून आलात असे धरून चालू. वॉशिंग्टनला पोहोचल्यावर दिवस कसा घालवावा, याचा आराखडा डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीने नव्या सभासदांना दिला होता आणि तो २०१३ च्या जानेवारीत बाहेर आला. त्यात समित्या आणि सभागृह यांना दोन तास होते, मतदारसंघातल्या लोकांच्या भेटींना एक ते दोन तास, आणि देणग्यांसाठी दूरध्वनी करायला चार तास. सरकारी कार्यालयातून असे दूरध्वनी करण्यास कायद्याने मनाई आहे. म्हणून कोट अंगावर चढवून जवळच्या पक्षकार्यालयातल्या छोट्याशा खोलीत जाऊन बसावे लागते. खोलीला खिडकी आहे का, हे शपथविधीपूर्वी पाहून घ्यावे, कारण पुढली दोन वर्षे तेथेच काढायची आहेत.