तेरा मिनिटांचं पाणी, एकवीस मिनिटांची रांग

गिझरवर ठळक अक्षरांत ‘२००० वॉट’ लिहिलेलं असतं आणि शेजारी, मुंगीएवढ्या अक्षरांत, ‘२३० व्होल्ट’. ती मुंगी कुणी वाचत नाही. थंडीत सकाळी साडेसहाला सगळ्या आळीचे गिझर एकदम लागतात, व्होल्टेज १८० वर येतं, बाथरूमच्या दारावर थापा पडू लागतात आणि माझ्यासारखा माणूस खांद्यावर टॉवेल टाकून भागाकार करत बसतो.

भागाकार तसा चौथीतला. २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७ म्हणजे साधारण साडेसव्वीस ओहम. हा आकडा म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलचा रोध, तिचा जन्मस्वभाव. तिची तार निक्रोमची, तापली तरी रोध फारसा हलत नाही. मग १८० व्होल्टला करंट ६.८ अँपिअर आणि १८० गुणिले ६.८ म्हणजे सव्वाबाराशे वॉट. व्होल्टेज पाव हिश्श्यानेही घटलं नाही, वॉट मात्र चाळीस टक्क्यांच्या आसपास गेले. व्होल्टेज पडलं की करंटही पडतो, मार दोन्हीकडून. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ वर न्यायला एरवी १३ मिनिटं, आता २१. ‘चला, बिल तरी कमी येईल!’ असं म्हणणारे एक काका प्रत्येक घरात असतात. काका, पाण्याला लागायची तेवढी उष्णता लागतेच. विजेचं युनिट तेवढंच, अर्ध्या युनिटाला थोडं कमी. पाय तेवढे जास्त वेळ गारठतात.

कॉइल खरंच साडेसव्वीस ओहमची आहे का, हे मल्टिमीटरवर दिसतं. आधी एमसीबी (फ्यूजच्या जागचा खटका) बंद, मग टॉप, म्हणजे तीन पिनांचा प्लग, सॉकेटमधून बाहेर. चालू लाइनवर ओहम मोजणाऱ्याचा मीटर तरी जातो, नाहीतर तो स्वतः. गिझरचा स्वतःचा स्विच असेल तर तो चालू ठेवायचा. नॉब २०० ओहमवर, मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवून बघायच्या: ०.३-०.४ आलं तर ते नंतर वजा करायचं. मग जाड अर्थपिन सोडून उरलेल्या दोन पिना.

इथे खरी गंमत. स्वस्त मीटरवर डावीकडे एकटाच ‘१’ उभा राहतो आणि हौशी मंडळी एक ओहम लिहून घेतात. एक ओहम म्हणजे २३० अँपिअर, म्हणजे जवळपास ५३ हजार वॉट! त्यात अख्ख्या आळीच्या अंघोळी उरकतील. तो ‘१’ म्हणजे आकडा नव्हे, ‘माझ्या आवाक्याबाहेर’ अशी मीटरची हात जोडून केलेली विनंती: कॉइल तुटली, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज तोडणारा स्विच) उघडा, म्हणजे तोडलेलाच, राहिला किंवा स्विच बंद आहे. पाणी गरम असेल तर थर्मोस्टॅट आपणहून उघडतो, म्हणून मोजायचं ते थंड पाण्यावर. आणि अर्थपिन व उरलेल्या प्रत्येक पिनेत मात्र, नॉब ओहमच्या सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेऊन, तोच ‘१’ हवा. तिथे आकडा दिसला तर अंघोळ रद्द.

कॉइल निर्दोष निघाली की संशय जावा सॉकेटवर. ढिल्या सांध्यात नुसता ०.२ ओहम असला तरी ८.७ अँपिअरचा वर्ग गुणिले ०.२, म्हणजे १५ वॉट. छोटी सोल्डरिंग आयर्नच प्लास्टिकमध्ये पुरून ठेवल्यासारखं. टॉप काढून बघा: एक पिन पितळी, दुसरी तपकिरी, भोवतालचं प्लास्टिक फुगलेलं. लोक ती पिन पॉलिश पेपरने घासून परत खोचतात. महिनाभरात ती पुन्हा तपकिरी, कारण ढिली झालेली असते सॉकेटमधली पत्ती.