तरुण वाद्यवृंद आणि देखावा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तरुण वाद्यवृंदांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कळकळीने लिहिली आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ही तरुण मुलं उभी राहून वाजवतात, डोलतात, स्वरलिपी बाजूला ठेवतात, शेवटी झेंड्याच्या रंगांची जाकिटं घालून नाचतात, हा सगळा देखावा आहे आणि सिंफनीला (संपूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या मोठ्या, अनेक भागांच्या रचनेला) लागणारी प्रगल्भता वयाशिवाय येत नाही.

जाकिटं व्हेनेझुएलाच्या सिमोन बोलिव्हार युवा वाद्यवृंदाची. १९७५ साली काराकासमध्ये सुरू झालेल्या एल सिस्तेमा या संगीतशिक्षणाच्या उपक्रमामधून तयार झालेली ही मुलं. लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीतमहोत्सवात २००७ साली झालेला त्यांचा जल्लोष सगळ्यांच्या लक्षात राहिला. पण त्याच मैफलीत, जल्लोषाआधी, त्यांनी रशियन संगीतकार शोस्ताकोविचची दहावी सिंफनी वाजवली होती. ती सुरू होते खालच्या तंतुवाद्यांच्या दबक्या सुरांनी आणि तिचा पहिला भागच वीस मिनिटांच्या वर चालतो. तिथे नाचून भागत नाही.

आता स्वरलिपीबद्दल, कारण माझा खरा मतभेद इथे आहे. लंडनच्या अरोरा ऑर्केस्ट्राने २०१४ च्या प्रॉम्समध्ये मोझार्टची चाळिसावी सिंफनी पाठ वाजवली. या सिंफनीत ट्रंपेट नाहीत, ड्रम नाहीत. आवाजाने दिपवायची सोयच नाही. सुरुवातीला व्हिओला (व्हायोलिनपेक्षा खालच्या सुरांचं तंतुवाद्य) हलकेच धडधडू लागतात आणि पहिला बार, म्हणजे स्वरलिपीतला तालाचा पहिला छोटा विभाग, संपायच्या आतच व्हायोलिनची धून येते. कागद समोर असला की नजर कागद आणि कंडक्टर यांच्यात फिरते; तो काढला की ती शेजारच्याकडे वळते. हॉर्न हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याचंच बघा. त्याला कितीतरी बार गप्प राहायचं असतं. एरवी हे रिकामे बार मोजता येतात. पाठ वाजवताना मात्र आपण गप्प असताना ओबो काय म्हणतोय, बासून कुठे पोचलाय (ही दोन्ही फुंकवाद्यं), हे मनात पक्कं असावं लागतं. म्हणजे स्वतःच्या ओळीबरोबर इतरांचं वाजवणंही पाठ हवं. तुम्हाला जो देखावा वाटला, त्यामागे ऐकण्याची एवढी मेहनत आहे, आणि मला ती वाजवण्यात ऐकूही येते.

वयाचं म्हणाल, तर जर्मन संगीतकार मेंडेल्सननं ऑक्टेट (आठ वादकांसाठीची रचना) लिहिलं सोळाव्या वर्षी. बाखच्या मृत्यूनंतर जवळजवळ विस्मरणात गेलेलं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ हे त्याचं गायन-वादनाचं मोठं धार्मिक काम १८२९ मध्ये बर्लिनला पुन्हा उभं केलं तेव्हा तो वीस वर्षांचा होता. शोस्ताकोविचची पहिली सिंफनी १९२६ मध्ये लेनिनग्राडला वाजली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. ज्या संगीताचा पोक्तपणा आपण जपू पाहतो, त्यातलं बरंच तरुणांनीच लिहिलंय आणि वाचवलंय.

मधेच टाळ्या पडतात ही तुमची तक्रार आहे. १७७८ मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात मोझार्ट, सिंफनी चालू असतानाच टाळ्या पडल्या म्हणून खूश आहे. मलाही त्यांचा त्रास होत नाही.

एक मुद्दा मात्र पूर्ण मान्य. संथ भागात ही मुलं कधीकधी घाई करतात. दोन सुरांमधली शांतता पुरती टिकू देत नाहीत, आणि मग शेवटचा सूर विरायच्या आतच पुढचा भाग सुरू होतो. मलाही ते खटकतं आणि मूळ लेखात मी ते लिहायला हवं होतं. तुम्हाला कोणत्या वाद्यवृंदाचा संथ भाग मनासारखा वाटतो, ते जरूर कळवा. मी ऐकेन.