भीती हा पुरावा नाही, मग आधार कशाचा?

तुमचा आक्षेप असा, की पवित्र आत्म्याची निंदा, म्हणजे ज्याला क्षमा नाही ते पाप, आपल्या हातून झाले की काय या धास्तीत असलेल्याला ‘ज्याला भीती वाटते त्याने ते पाप केलेलेच नाही’ म्हणणे हा स्वस्त दिलासा आहे; एसाव रडला, येशूला धरून देणारा यहूदा पस्तावला, पण त्यांना काय मिळाले?

नुसती भीती हा पुरावा नव्हे, हे मान्य. पण इब्री 12:17 मधला एसाव रडला तो हातचा आशीर्वाद गेला म्हणून. यहूदाने पाप कबूल केले ते याजकांपुढे. ख्रिस्ताकडे तो वळलाच नाही. येशूला तीनदा नाकारून रडलेला त्याचा शिष्य पेत्र मात्र परत आला. योहान 6:37 मध्ये ‘माझ्याकडे येणाऱ्याला मी घालवणार नाही’ हे वचन आहे, आणि आधार तोच आहे.

आता या पापाचा इशारा जिथे आहे तो मार्क 3. यरुशलेमेहून आलेले शास्त्री येशूची भुते काढण्याची कामे पाहूनही ‘याला बालजबूल (भुतांचा अधिपती) लागला आहे’ म्हणत होते. आत्म्याच्या निंदेला क्षमा नाही, हा इशारा येशूने का दिला, ते 30 वे वचन स्वतःच सांगते. डोळ्यांदेखत घडलेले आत्म्याचे काम हट्टाने सैतानाचे ठरवणे वेगळे आणि प्रार्थनेत नको असताना डोक्यात घुसलेले घाणेरडे वाक्य वेगळे. प्रेषित पौल तर स्वतःला पूर्वीचा निंदक म्हणतो (1 तीमथ्य 1:13), आणि त्याच्यावर दया झाली.

‘शांती मिळेपर्यंत रोज कबुली द्या’ हा तुमचा सल्ला मला खरोखर घातक वाटतो. असा विचार दाबला की तो जास्त येतो. कबुलीने थोडा वेळ बरे वाटते, मग ‘मनापासून दिली ना?’ ही शंका उठते आणि पुन्हा कबुली. जे खरोखर केले ते एकदाच कबूल करावे, आणि कबूल केलेल्या पापाची देव क्षमा करतो, या 1 योहान 1:9 मधल्या वचनावर थांबावे. नकोसा विचार आला तर त्याच्याशी वाद घालू नये, तो खोडून काढायला प्रार्थना पुटपुटू नये. हातातले काम चालू ठेवावे. ‘माझे तारण झाले आहे ना?’ हे दहा जणांना विचारणेही त्याच चक्राचा भाग आहे. रोजचे तास त्यात जात असतील, झोप उडाली असेल, तर तो मंत्रचळ (OCD, नकोसे विचार आणि त्यांपायी त्याच त्या कृती करायला लावणारा आजार) असू शकतो. पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञही हवेत. पुनरावृत्ती टप्प्याटप्प्याने रोखण्याचे उपचार आणि औषधे, दोन्हींचा उपयोग होतो.

खात्री नाही म्हणजे तारण नाही, असेही नाही. वेस्टमिन्स्टर विश्वासकबुली या प्रोटेस्टंट मतपत्राचे 18 वे प्रकरण स्पष्ट म्हणते, की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्रीसाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते. तुमच्या मंडळीत असे कोणी झुरत असेल तर कृपा करून त्याच्या हाती आत्मपरीक्षणाची आणखी एक यादी देऊ नका. योहानाचा सहावा अध्याय त्याच्यासोबत एकदा वाचा आणि डॉक्टरांकडे जाताना बरोबर जा.