१८६२ चा रुपया, चिंच आणि लोहचुंबक: फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

दिवाळी जवळ आली की मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. चांदीचे जुने नाणे चिंचेने किंवा टूथपेस्टने घासून लखलखीत करा, लोहचुंबक चिकटला नाही तर ते शुद्ध चांदीचे समजा, आणि त्यावर १८६२ साल असेल तर रिझर्व्ह बँक लाखो रुपये देते, असा त्याचा आशय. लक्ष्मीपूजनासाठी नाणी डब्यातून बाहेर निघण्याच्या वेळीच हा सल्ला येतो. त्यातला घासण्याचा भाग सर्वांत घातक आहे, कारण ते नुकसान पुन्हा भरून येत नाही.

नाण्यावरचा काळसर थर हा बहुतेक वेळा मळ नसतो. हवेतल्या गंधकयुक्त वायूंमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइड तयार होते, तोच हा थर. टूथपेस्टमधली बारीक भुकटी थराबरोबर खालची चांदीही खरवडते. भिंगातून पाहिले तर नाण्यावरच्या व्हिक्टोरिया राणीच्या गालावर आडवेतिडवे ओरखडे दिसतात आणि मुकुटावरची नक्षी बोथट झालेली आढळते. चिंचेचे आम्ल मिश्रधातूतल्या तांब्याला लागते, आणि चोळणे त्यातही आलेच. बेकिंग सोडा व ॲल्युमिनियम फॉइलच्या उपायात घासणे टळते, पण वर्षानुवर्षे चढलेली रंगछटा जाऊन नाणे उघडेबोडके दिसते, आणि असे नाणे जाणकार संग्राहक कमी भावाने मागतो. धूळमाती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही वेळ बुडवून, मऊ सुती कापडावर टिपून सुकवावे, एवढे पुरे. पीव्हीसीच्या पाकिटामुळे हिरवट चिकटपणा आला असल्यास तो शुद्ध ॲसिटोनने निघतो. हे काम खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून दूर करावे.

लोहचुंबकाची कसोटी अर्धीच खरी आहे. चुंबक चिकटला तर चांदी नव्हे, हे १९४७ च्या निकेलच्या रुपयावर सहज पडताळता येते. मात्र न चिकटल्याने काहीच सिद्ध होत नाही: पंचम जॉर्जच्या १९१९ च्या आठ आण्याच्या नाण्यात तांबे व निकेल आहे, चांदी नाही, आणि तेही चिकटत नाही. शिवाय 'शुद्ध' हा शब्दच चुकीचा आहे. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात चांदी ९१.७ टक्के. १९४० ते १९४५ च्या रुपयाचे वजन तेवढेच, पण चांदी निम्मी. म्हणून साल न पाहता केवळ काट्यावर ठेवून या दोहोंतला फरक कळत नाही. खोटे नाणे ओळखायला वजन उपयोगी पडते, आणि त्याबरोबर कडेच्या आऱ्या, म्हणजे उभ्या बारीक रेघा, पाहाव्यात. ओतीव नकलेच्या कडेवर जोडाची रेघ दिसू शकते.

राहिले १८६२ साल. त्या सालाचा ठसा टांकसाळींनी १८७४ पर्यंत तसाच वापरला, त्यामुळे '१८६२' लिहिलेले रुपये बारा वर्षांच्या उत्पादनातले आहेत आणि मुबलक आहेत. मुंबईच्या नाण्यांवर सालाखाली ठिपके दिसतात. संग्राहक त्या ठिपक्यांची संख्या व ठशातले बारकावे पाहून प्रकार पाडतात, आणि भाव ठरतो तो प्रकारावर व झिजेवर, नुसत्या सालावर नाही. याउलट १९३९ चा मुंबईचा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच सालाच्या शेवटच्या आकड्यात फेरफार केलेले नमुने बाजारात आणले जातात. तो विकत घेताना आकडा भिंगाखाली पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सामान्य झिजलेल्या रुपयाची किमान किंमत प्रत्येकाला स्वतः काढता येते. ९१.७ टक्क्यांच्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम, १९४० ते १९४५ च्या रुपयात ५.८३ ग्रॅम. समजा चांदी ग्रॅमला १०० रुपये आहे, तर पहिल्याची धातूची किंमत १,०६९ रुपये होते. झवेरी बाजारातला व्यापारी घट धरून त्याहून थोडे कमी देईल. कुणी याच्या निम्म्याने मागितले, तर नाणे परत डब्यात ठेवावे. टाका घालून कडी लावलेले नाणे संग्राहकाच्या उपयोगाचे राहत नाही, पण त्यातली चांदी जात नाही.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले होते की ती जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीचे असले व्यवहार करत नाही आणि त्यासाठी शुल्क वा कमिशन मागत नाही, तसा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. बँकेच्या नावाने आगाऊ रक्कम मागणारा फोन आला, तर तो तिथेच बंद करावा.