नुसत्या टक्क्यांवरून शाळा वाईट ठरवू नका
एका लेखात अमेरिकेतल्या एका शहरी पब्लिक (म्हणजे तिथल्या सरकारी) शाळेचा तिसरीचा गणिताचा रिझल्ट दिलाय, शेजारी मुलांचा वंश, गरिबी, भाषा यांचे टक्के, आणि लगेच निष्कर्ष की शाळा वाईट. अजिबात पटलं नाही. मी अशाच एका शाळेत आठवड्यातून एकदा मुलांना शिकवायला जाते, तिथे नुकतीच अमेरिकेत आलेली, इंग्रजी शिकणारी एक मुलगी आहे, १४ मधून ९ चटकन वजा करते पण पेपरात 'हाऊ मेनी आर लेफ्ट' (किती उरले) आलं की 'लेफ्ट' म्हणजे डावं समजून डाव्या बाजूची चित्रं मोजत बसते, आता हिला वजाबाकी येत नाही म्हणायचं का? अमेरिकेच्या २०१५ च्या शालेय शिक्षणाच्या कायद्यात अशा मुलांना पहिल्या वर्षी इंग्रजी वाचनाच्या परीक्षेतून सूट देता येते पण गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि तिच्या भाषेत तो मिळत नाही. शिवाय कायद्याने सक्तीच्या या परीक्षा तिसरीपासूनच सुरू होतात, म्हणजे पहिली-दुसरीच्या बाईंनी काय मेहनत घेतली ते त्या रिझल्टमध्ये कुठेच नाही. मूल वर्षाच्या सुरुवातीला कुठे होतं आणि शेवटी कुठे पोचलं ते छापा ना. ही पोरगी सप्टेंबरमध्ये तोंड उघडत नव्हती, परवा तिने मला अख्खं पान वाचून दाखवलं.